सहा नळ्यांची रांग

आमच्या घरात माझ्या चांगुलपणाची एक गोष्ट सांगितली जाते. बारसं असो, साखरपुडा असो, माणसं जेवून, हात धुवून, बडीशेप तोंडात टाकून बसली की कुणीतरी ती काढतंच. सोसायटीच्या गणपतीत ऐन वेळी बहिणीची छाती भरली, तिला स्टेजवर जाणं शक्य नव्हतं, तेव्हा सुहासने तिचं आणि आपलं असं दोघांचं वाजवणं एकट्याने निभावून नेलं. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी मान खाली घालतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो. ही गोष्ट खोटी आहे. बहिणीची छाती भरली नव्हती. ती माझ्या शेजारी नवा फ्रॉक घालून उभी होती, तिचा श्वास अगदी मोकळा चालला होता आणि तिला स्टेजवर जायचं होतं. छाती भरल्याचं मी सांगितलं. का सांगितलं ते लिहायला बसलो आहे, आणि ते लिहायचं तर आधी त्या नळ्यांबद्दल लिहायला हवं.

आम्ही कांदिवलीला राहायचो. दोन खोल्या आणि एक गॅलरी, गॅलरीत तुळस, तिच्या शेजारी कपड्यांची दोरी आणि दोरीखाली बाबांची सायकल. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात होते, दोन बस बदलून जायचे आणि परत आल्यावर पंख्याखाली बसून काही वेळ कुणाशीच बोलायचे नाहीत. घर आईचं होतं. सकाळी पाण्याचा पंप सुरू झाला की ती उठायची. पंपाची घरघर, मग पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज, मग तव्यावर तांदळाची भाकरी टाकल्यावर येणारा तो ओलसर चर्र. मनोरीहून येणारी कोळीण टोपली घेऊन जिन्यात बसली की आई तिच्याशी बांगड्यांवरून हुज्जत घालायची. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी झाली की बाबासुद्धा बोलायला लागायचे. फक्त मेधाच्या पानात सोलकढी नसायची. दही नाही, केळं नाही, बर्फाची कांडी तर नाहीच. "तुला नको गं, छाती भरेल," असं आई म्हणायची आणि वाटी तिच्यावरून पुढे सरकवायची.

मेधा माझी धाकटी बहीण. तिला बाळदमा होता. थंडीत आणि दिवाळीच्या धुरात तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आई तिला मांडीवर उभी धरून बसायची. मला त्या आवाजाची भीती वाटायची आणि थोडा रागही यायचा, कारण तो सुरू झाला की माझं काही मागणं ऐकायला घरात कुणी नसायचं. औषधाच्या रिकाम्या तपकिरी बाटल्या आई धुवून खिडकीत उलट्या घालायची. मेधा त्या बाटल्यांच्या तोंडाला खालचा ओठ लावून वरून फुंकर घालायची. एकीत जास्त पाणी, एकीत कमी, एक कोरडी. बुऽऽ, बूऽऽ असे वेगवेगळे आवाज निघायचे. शाळेत आम्ही पेनाचं टोपण वाजवायचो, तसंच ते. तिच्या आजारपणातला तो खेळ होता, आणि त्याच्याकडे आमच्यापैकी कुणी लक्ष दिलं नाही. ती दहा-अकरा वर्षांची झाली तोवर दमा जवळपास गेला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. आईने ते ऐकलं, पण सोलकढीची वाटी पुढे सरकवणं काही थांबवलं नाही.

आईचा भाऊ वसंतमामा बोटीवर फिटर होता. खेप संपली की गावी मालवणला जाण्याआधी तो आमच्याकडे उतरायचा, आणि त्याच्या बॅगेतून डिझेल आणि परदेशी साबण असा मिळून एक वास खोलीभर पसरायचा. एका खेपेला त्याने बॅगेतून तीन वस्तू काढल्या आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडल्या. तिन्ही वस्तू म्हणजे एकमेकींना चिकटून लावलेल्या बांबूच्या नळ्या होत्या. लांब नळीपासून आखूड नळीपर्यंत उतरत जाणाऱ्या, खालून बंद, वरून उघड्या. बासरीला असतात तशी भोकं कुठेच नव्हती.

"ह्यां काय रे वसंता?" आईने विचारलं. "बांबूचां कुंपण हाडलंस काय?"

"वाजवूचां गो. हरएक नळीचो एक सूर." मामाने एक उचलून फुंकली. नुसती हवा निघाली. तो हसला. "माका येत नाय. पण त्या बाजारातलो म्हातारो काय वाजवी होतो! चला, काय होया तां घेवा. मागसून भांडाक नाय."

आता मला माहीत आहे की त्यांना पॅनपाइप म्हणतात आणि जगात त्यांचे कितीतरी प्रकार आहेत. तेव्हा आम्ही त्या तिघींना आमच्या मनाची नावं दिली. पहिली 'कमान'. ती रुमानियाच्या बंदरातली; वीसेक नळ्या, गुळगुळीत पॉलिश केलेल्या आणि कमानीसारख्या वाकवून बसवलेल्या, प्रत्येक नळीच्या तळाशी मेण. दुसरी 'गोंडेवाली'. ती पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या दुकानातली. छोटीशी, रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली, प्रवाशांना विकतात तसली. तिच्या निम्म्या नळ्या तळाशी नीट बंदच नव्हत्या, त्यामुळे त्यांतून सूर निघणं शक्य नव्हतं. ती पुढे आईने भिंतीवर टांगली. आणि तिसरी 'जोडी'. तीही पेरूचीच, पण साधी, दोऱ्याने बांधलेली, पॉलिश नसलेली. तिच्या दोन सुट्या रांगा होत्या. एकीत सहा नळ्या, दुसरीत सात.

मी कमान उचलली. विचार केलाच नाही. सगळ्यात मोठी, सगळ्यात चकचकीत, आणि हातात धरली की माणूस कलाकार दिसतो. मेधा मात्र तिन्ही वस्तू पालथ्या घालून बघत बसली. प्रत्येक नळीला ओठ लावून तिने हलकेच फुंकर घातली, बाटलीला घालायची तशी. गोंडेवालीच्या अर्ध्या नळ्या गप्प राहिल्या. जोडीची पहिलीच नळी बोलली. गार, जरा घोगरा, हवेत मिसळलेला सूर. आईने भाकरी थापता थापता वर बघितलं.

"ही हवी मला," मेधा म्हणाली. "हिच्या सगळ्या वाजतात."

"ती दोघांची हां," मामा म्हणाला. "एक रांग एकाची, दुसरी दुसऱ्याची. एक फुकता तेवा दुसरो श्वास घेता. थय डोंगरावर हवा पातळ. एकटो फुकीत बसलो तर घेरी येतली."

पुढचे काही आठवडे मी कमानीशी झटापट केली. नव्या शिकणाऱ्याने ती घेऊच नये हे मला कुणी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वीस नळ्यांमधून हवी ती नळी ओठांना सापडत नाही. कोमल स्वर हवा असेल तर अख्खी कमान ओठाशी तिरकी करावी लागते. मी नळीच्या कडेवरून फुंकण्याऐवजी आत फुंकायचो आणि डोकं गरगरायचं. मेधा पलंगावर बसून बघायची.

"चहा गार करतोयस का रे?" ती विचारायची. "आत नको फुंकूस. वरून. टोपण वाजवतोस ना शाळेत, तसं."

"तू गप गं."

"मी गप्पच आहे. तुझी कमान पण गप्पच आहे."

शेवटी मे महिन्यात मी कमान खिडकीत उन्हात विसरलो, आतलं मेण मऊ पडलं आणि नळ्यांचे जे काही सूर होते तेही सरकले. मी हळहळलो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

तोवर मेधा जोडीवर अडली होती. सा एका रांगेत, रे दुसरीत; ग पुन्हा पहिलीत, म दुसरीत. पायऱ्या एकाआड एक वाटून दिल्यासारखे ते सूर होते. एकीवरच वाजवलं तर गाणं निम्मंच येत होतं, दातात फटी असाव्यात तसं. एक दिवस ती सात नळ्यांची रांग घेऊन माझ्याकडे आली. "ही तुझी," म्हणाली. "पण कडेवरून फुंकायचं. आणि माझा सूर संपायच्या आत सुरू नाही करायचं." ही तिची वस्तू होती, तिने निवडली होती, आणि त्यातली मोठी रांग तिने मला दिली. हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबलो.

आम्ही गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत वाजवायचो. आई फुगडीला म्हणायची त्या गाण्याची चाल आम्ही धरली, कारण ती दोघांना पाठ होती. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. मग एकदा, कसं कोण जाणे, सूर एकमेकांना लागले. तिचा सूर सुटायचा आणि माझा तिथूनच उचलायचा. माझा संपत आला की तिचा तिथे हजर. मधे फट नाही. चाल नक्की कुणाची हे सांगता येत नव्हतं, ती आमच्या दोघांच्या मधल्या हवेत होती. मी वाजवत असताना मेधाच्या छातीत हवा भरताना दिसायची, फ्रॉकच्या बाह्या किंचित वर व्हायच्या. ती वाजवत असताना मी श्वास घ्यायचो. पुढे आयुष्यात मी लग्न केलं, संसार केला, ऑफिसातली माणसं सांभाळली, पण दुसऱ्या माणसाच्या श्वासाची इतकी नेमकी वाट मी परत कधी बघितली नाही. आई सुरुवातीला जिन्यात येऊन कान देऊन उभी राहायची, शिट्टी वाजते का ते ऐकायला. मग तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, फुंकू दे तिला, चांगलंच आहे. त्यानंतर आई निव्वळ ऐकायला यायला लागली.

सोसायटीच्या गणपतीत विविध गुणदर्शन असायचं आणि ते सावंतकाका बघायचे. तळमजल्यावर राहायचे, आवाज खणखणीत, माइक हातात आला की सोडायचे नाहीत. ते एकदा गच्चीवर टाकी बघायला आले आणि आमचं ऐकून तिथेच उभे राहिले. "झकास! हे घ्यायचंच यंदा," ते म्हणाले. मग मेधाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय कान आहे पोरीचा! सुहास, तू बरोबर चालला आहेस रे. फक्त तिच्या मागे मागे राहा."

यात अपमान वाटावा असं काही नव्हतं. आणि ते खरंही होतं. पण मी पंधरा वर्षांचा होतो, मोठा भाऊ होतो, आणि मागे मागे राहा हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मेधाची शाळा दुपारची होती, माझी सकाळची. दुपारी आई आडवी झाली की मी मेधाच्या कप्प्यातून तिची सहा नळ्यांची रांग काढायचो. दोन्ही रांगा पुढे-मागे ठेवून तिच्याच एका लाल रिबनीने बांधायचो आणि एकट्याने वाजवायचा प्रयत्न करायचो. जमतं तसं. पुढची रांग, मागची रांग, हनुवटी जराशी वर-खाली करायची. आता तर बरेच वादक तसंच वाजवतात, त्यात काही चुकीचं नाही. मी ते चोरून शिकत होतो, एवढंच चुकीचं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत रांग कप्प्यात, रिबन घडी करून जागच्या जागी.

कार्यक्रमाच्या दिवशी आईने मेधाला निळा फ्रॉक घातला. स्टेजच्या मागे चादरींचा पडदा लावला होता, तिथे आम्ही आमची पाळी यायची वाट बघत होतो. पलीकडे कुणी लहान मूल नाचत होतं आणि लोक हसत होते. मेधा ओठ ओले करत होती. "पहिला सूर माझा हां," ती पुटपुटली. "तू घाई करतोस."

"दे इकडे तुझी," मी म्हणालो. "कडा पुसून देतो."

तिने दिली. मी रांगा एकमेकींना लावल्या, खिशातून रिबन काढली आणि बांधल्या. ती माझ्या हातांकडे बघत होती. तिला कळलं नव्हतं, ती मला विचारणार होती. तेवढ्यात सावंतकाका पडद्यातून डोकावले. "चला रे, सुहास आणि मेधा."

"काका," मी म्हणालो, "मेधाची छाती भरली आहे. दम लागतोय तिला. मी एकटाच वाजवतो."

मला वाटलं होतं ते नुसतं बरं म्हणतील. पण त्यांच्या हातात माइक होता. "आपल्या मेधाची तब्येत अचानक बिघडली आहे," ते स्टेजवर जाऊन म्हणाले, "पण तिचा भाऊ सुहास खचलेला नाही." समोरून अरेरे असा आवाज आला. मागच्या ओळीतून आई खुर्च्या सरकवत धावत येताना मला दिसली. "आई, मला काही नाही झालंय," असं मेधा म्हणत होती. जोरात म्हणत होती, आणि जोरात म्हणताना तिचा आवाज चिरकत होता, तर आईला वाटलं ही धाप आहे. आईने तिला उचलल्यासारखंच नेलं. मी स्टेजवर गेलो.

आमची खिडकी मंडपावर उघडायची. मी वाजवत होतो तेव्हा वर घरात आई तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून मेधाच्या ठणठणीत छातीला शेकत होती. चाल मला पाठ होती आणि सुरुवात बरी झाली. पण दुसऱ्या कडव्याला माझा श्वास संपला. जिथे तिने वाजवायचं आणि मी हवा भरायची, तिथे मीच वाजवत होतो. श्वास घ्यायला कुठेच जागा नव्हती. डोळ्यांपुढचे रंगीत दिवे पुसट झाले आणि मी मधेच थांबलो. लोकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी खूप टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तेव्हा मेधा पलंगावर उशांना टेकवून बसवलेली होती, अंगावर शाल, खोलीत ओव्याचा वास. आई म्हणाली, "सुहास, शहाणा रे माझा. सांभाळून घेतलंस." मी मेधाकडे बघितलं. ती भांडेल, ओरडेल, मला मारेल असं मला वाटत होतं आणि ते मला हवंही होतं. तिने हात पुढे केला. "रिबन दे माझी," एवढंच म्हणाली. मी रिबन सोडून दिली. नळ्या तिने मागितल्या नाहीत.

त्यानंतर तिने कधीच वाजवलं नाही. आणि माझं एक वाक्य तिच्या आयुष्यात पुष्कळ लांबपर्यंत गेलं. सगळ्या सोसायटीने माइकवरून ऐकलं होतं. तिची गच्ची बंद झाली. शाळेची सहल एका किल्ल्यावर जाणार होती. आईने बाईंना चिठ्ठी दिली की चढ नको. कबड्डीच्या संघातून तिला बसवून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्यासाठी स्थळं बघत होते, तेव्हा एका घरून निरोप आला की मुलीला दमा आहे असं कळलं. बाबा पंख्याखाली जाऊन बसले होते. मीही तिथेच बसलो होतो, नोकरीला लागलेला, मिशी राखलेला, आणि मी गप्प बसलो. पंधराव्या वर्षी जे केलं त्याला मी निदान पोरवय म्हणू शकतो. त्या दिवशीच्या गप्प बसण्याला माझ्याकडे नाव नाही. मेधाचं पुढे चांगलं झालं, ती विक्रोळीला असते, नोकरी करते, जिने धापा न टाकता चढते. पण तिचं चांगलं झालं यात माझा काही हात नाही.

हे सगळं मी असंच ठेवून मरून गेलो असतो. झालं असं की यंदा मेधाची मुलगी ईशा, जी कॉलेजात आहे, तिने मला फोनवर पॅनपाइपचे फोटो पाठवले. एकामागून एक. "मामा, मला शिकायचंय. यातलं कुठलं घेऊ? आई म्हणाली सुहासमामाला विचार, त्याला येतं." मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग तिला लिहिलं. कमानीसारखं वीस नळ्यांचं घेऊ नकोस, दिसायला छान असतं, पण सुरुवातीला ओठ हरवतात. आठ-दहा नळ्यांचं, सरळ रांगेचं पुरे. फार आखूड नळ्या किंचाळतात, फार लांब नळ्या श्वास पिऊन टाकतात, मधल्या घे. प्लॅस्टिकचं असलं तरी हरकत नाही, आपल्या हवेत तडकत नाही. गोंडे बघू नकोस. प्रत्येक नळी वाजते का ते बघ, कडा ओठाला टोचत नाही ना ते बघ. एवढं लिहून झाल्यावर मी पुढे लिहिलं, सगळ्यात चांगली दोन रांगांची जोडी असते, पण ती घ्यायची तर कुणीतरी सोबत हवं. ते पाठवलं आणि फोन खाली ठेवला.

वसंतमामा आता निवृत्त होऊन मनोरीला भाड्याच्या खोलीत राहतो. समुद्र दिसल्याशिवाय जेवण जात नाही म्हणतो. त्याने सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं होतं. मार्वेच्या धक्क्यावरून आम्ही खाडीपलीकडे मनोरीला नेणाऱ्या बोटीत चढलो. आई आणि ईशा सावलीला बसल्या, मेधा आणि मी कठड्याशी उभे राहिलो. माझ्या पिशवीत ती सहा नळ्यांची रांग होती. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात होती. मी ती काढून तिच्यापुढे धरली.

"अगं, ही तुझी."

तिने हातात घेतली, उलटसुलट केली. मग ओठाशी नेऊन एक फुंकर घातली. सूर निघाला, तोच, जरासा घोगरा. बोटीच्या इंजिनाच्या आवाजातही मला तो स्वच्छ ऐकू आला.

"मेधा, त्या गणपतीत..." मी म्हणालो. "मी तुझ्याबद्दल खोटं बोललो होतो. मला फार..."

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. चिडून नाही, ऑफिसात कुणी चुकीच्या टेबलावर कागद आणून ठेवावा आणि त्याला सांगावं, तसं. "मला माहीतच आहे रे. मी तिथेच उभी होते ना. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." तिने रांग परत माझ्या हातात दिली आणि उतरायची जागा बघायला पुढे गेली.

मामाने स्वतः बांगडे तळले होते. खाली सतरंजीवर पानं मांडली होती, मधे सोलकढीचं पातेलं. आई आता ऐंशीकडे झुकली आहे, पण वाढायला तीच बसली. माझी वाटी भरली, ईशाची भरली, मामाची भरली. मग मेधाच्या पानाशी तिचा हात थांबला आणि वाटी न भरताच पुढे सरकला. "तुला नको गं," ती म्हणाली. मेधाने भाकरीचा तुकडा मोडला. तिला त्याची सवय होती. माझ्या लक्षात आलं, मलाही होती.

"मामाआजोबा," ईशा म्हणाली, "ती दोन रांगांची एकट्याला वाजवता येते का हो?"

"येता तर!" मामा खुशीत आला. "ह्या तुझ्या मामान वाजवल्यान ना! तुझ्या आवशीची छाती भरलेली, आणि ह्यो एकटो..."

"मामा," मी म्हणालो, "तिची छाती भरली नव्हती."

"जेव ना रे आधी," मेधा हळू म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत होती.

"ती ठणठणीत होती. मला एकट्याला वाजवायचं होतं म्हणून मी सावंतकाकांना खोटं सांगितलं. तिच्या हातातली रांग मी पुसायला म्हणून घेतली आणि परत दिली नाही. तुम्ही सगळे जे सांगता तसं काही झालंच नाही."

मामाने हातातला घास पानात ठेवला. आई मेधाकडे वळली. "आणि तू? तू का नाही बोललीस गं कधी?"

"सांगितलं होतं आई," मेधा म्हणाली. "तू शेकत होतीस तेव्हाच. तू म्हणालीस, बोलू नकोस, बोललं की दम लागतो."

बाहेर कुणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं, ते लागत नव्हतं. आईने पळी पातेल्यात घातली. थोडी कढी सतरंजीवर सांडली, पण मेधाची वाटी तिने काठोकाठ भरली आणि तिच्या पानाशी ठेवली.

मग मी जे बोललो ते मेधाशीच बोललो, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेधा, ती जोडी तुझी होती. तू मला त्यातली अर्धी दिलीस आणि मी तुझी अर्धी पण घेतली. तू बरी झाली होतीस, आणि मी सगळ्यांसमोर तुला आजारी ठरवलं. नंतर तुझं स्थळ मोडलं तेव्हाही मी बोललो नाही. माझं चुकलं. मला माफ कर."